गेजमधून पडलेला मका

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, माप तपासायचा गेज. माझ्या मधोमध एक भोक आहे. भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात तपासनीस नीळकंठराव त्यात पिना टाकून बघत. पिन आरपार पडली की ती बारीक, म्हणजे रिजेक्ट. मला त्याचे ना सुख ना दुःख. लोखंडाला काय वाटणार? पुढे भोक झिजून मोठे झाले आणि मीच रिजेक्ट झाले. नीळकंठरावांनी मला वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आणले.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीची, मनोरमाबाईंची, आई सावनेरला वारली. तिच्या पांढऱ्या मक्याचे एकच कणीस उरले होते. ते बियाणे आता दुसऱ्या कोणाकडेच नव्हते. मनोरमाबाई रडल्या नाहीत. पोळ्या लाटायच्या, कपडे वाळत घालायच्या आणि विचारले की "काही नाही" म्हणायच्या. मला त्या माझ्यासारख्याच वाटत.

निदान आईंचे बियाणे तरी जगवावे, असे नीळकंठरावांनी ठरवले. पण हाताची सवय जाते थोडीच! त्यांनी एकेक दाणा माझ्यावर ठेवला. कणसाच्या मधले टपोरे दाणे वर राहिले, ते पास. शेंड्याचे बारीक दाणे खाली पडले.

"हे चिमण्यांना टाक," ते म्हणाले.

"राहू द्या हो. तेही आईचेच आहेत," असे म्हणून बाईंनी ते डब्यात भरले.

टपोरे दाणे परसात झपाट्याने उगवले. मग एका दुपारी वसाहतीतल्या मोकाट गाई कुंपण मोडून आत शिरल्या आणि सगळे फस्त करून गेल्या. नीळकंठराव पायरीवर बसून राहिले. बाईंनी तार पुन्हा बांधली आणि डबा उघडला.

"बारीक दाण्यात शिदोरी कमी असते. वर यायचे नाहीत," नीळकंठराव म्हणाले.

"म्हणून आई त्यांना खोल न पुरता वरवरच पेरायची."

कोंब अगदी काडीसारखे आले, मागेही पडले. बाईंनी पाणी चुकवले नाही. दसरा उलटल्यावर कणसे भरली. बाईंनी पहिले कणीस सोलले आणि मला पुढे ठेवले. "आता बघा."

मधले दाणे टपोरे, वर राहिले. शेंड्याचे बारीक, खाली पडले.

"आईच्या कणसासारखंच आहे हो," त्या म्हणाल्या, आणि तिथेच बसून रडल्या. कितीतरी वेळ. नीळकंठरावांनी दोन्ही ढीग हाताने एकत्र केले.

आता मी त्या बियाण्याच्या डब्यावर वजन म्हणून असते, उंदीर झाकण पाडू नयेत म्हणून. मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचे बोट लावा, गंज चढतो. पण दाणे पारखायला मला घेऊ नका.