नर्सबाईंचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, पण मिरवणुकीतला नव्हे. मला स्वतःचा आवाज नाही, मी फक्त ऐकवतो. माझं एक तोंड आईच्या पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा, म्हणजे पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. दवाखान्यात मला फीटोस्कोप म्हणतात. पाड्यावरच्या बायकांच्या जिभेवर ते नाव काही बसलं नाही. त्यांनी मला भोंगा केलं, आणि खरं सांगू, मलाही तेच आवडलं.

माझा जन्म कारखान्यातला, अॅल्युमिनियमचा. नव्वदच्या सुमारास मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात आलो. तिथल्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स, नवसाबाई भोये त्याच मुलखातल्या. माझं अंग थंडगार, म्हणून त्या आधी मला दोन्ही तळव्यांत चोळून ऊब देत आणि मगच पोटावर ठेवत. गावची सुईण चतुराबाई त्यांच्या जोडीला असे. बाळाची पाचवी पुजताना बायका मलाही हळदकुंकू लावत. "भोंगा लावला ना, मग पोर जगणारच," असं खुशाल म्हणत. नवसाबाई नुसत्या हसत. मी आपला फुशारून जाई.

पण एखादी अडलेली बाई घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलं, की नवसाबाईंना दारातच अडवत. "तुम्ही एएनएम ना? बाहेर बसा." आतून बाई 'नवसाताई, नवसाताई' म्हणून हाका मारी आणि नवसाबाई बाकावर पदर चुरगाळत बसत. ते त्यांच्या फार जिव्हारी लागे. म्हणून नोकरीतल्या एएनएमना पुढचा कोर्स करून स्टाफ नर्स व्हायची संधी निघाली, तेव्हा त्यांनी अर्ज केला. पस्तिशी उलटल्यावर नाशकात कोवळ्या पोरींच्या शेजारी बसून शिकायचं, काही सोपं नव्हतं.

"आन् हितं कोन?" चतुराबाईनं विचारलं.

"नवी बाई येईल, मावशी."

मी चेपल्यामुळे दवाखान्याच्या हिशेबी बाद झालो होतो. जाताना नवसाबाईंनी धीराला म्हणून मला चतुराबाईच्या हाती दिलं आणि कान कुठे लावायचा ते दाखवलं.

नवी बाई काही आली नाही. उपकेंद्राला कुलूप लागलं ते लागलंच.

पुढच्या वर्षी चतुराबाईची लेक फुला बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या, पण सुटका होईना. शेजारणी म्हणाल्या, जीप बोलवू या. चतुराबाईनं मला तळव्यांत चोळलं, अगदी नवसाबाईंसारखं, आणि फुलाच्या पोटावर ठेवून कान लावला. धडधड ऐकू आली. तिचा चेहरा उजळला.

"ठोके हायेत! लय जोरात हायेत. कशाला घाबरता?"

जीप बोलवली नाही.

मित्रांनो, ते ठोके बाळाचे नव्हते. कळांनी घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या फुलाचे स्वतःचेच होते. मी जे असेल ते ऐकवतो, कुणाचं ते मला सांगता येत नाही. त्यासाठी आईचं मनगट धरावं लागतं. पोटावरचे ठोके आणि मनगटाची नाडी बरोबरीनं पडली, तर ते आईचेच. नवसाबाई दर वेळी मनगट धरायच्या, पण सवयीनं, न बोलता. चतुराबाईला आपलं वाटे, त्या मायेनं हात धरतात.

बाळ जन्मलं ते निपचित. त्या घरी पाचवी झाली नाही.

नवसाबाई स्टाफ नर्स झाल्या आणि पेढे घेऊन गावी आल्या. चतुराबाईनं पेढा हातात तसाच धरला.

"नवसा, ठोके होते गं. मी सोताच्या कानानं ऐकले. मग पोर कसं गेलं?"

"मावशी, फुलाचं मनगट धरलं होतं?"

"तिचा हात चुलतीनं धरला व्हता की. लय मायेनं."

नवसाबाईंना सगळं उमगलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "होते, मावशी. ठोके होते." आणि जाताना मला पिशवीत घालून घेऊन गेल्या.

स्टाफ नर्सची जागा उपकेंद्रात नसते. ज्या बायकांसाठी त्या शिकल्या, त्यांच्याकडे परतायची वाटच उरली नाही. नाशकातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात आता त्यांना दारात कुणी अडवत नाही, पण आतून 'नवसाताई' अशी हाकही येत नाही. शिकाऊ मुलींच्या हाती मला देताना त्या एकच सांगत, "आधी मनगट. आणि का धरायचं, ते शेजारी उभी असेल तिलाही सांगा." पुढे ठोके ऐकवणारं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. कुणाच्या हाती आपली वस्तू सोपवाल, तेव्हा आपला हात कसा चालतो तेही त्याला सांगा.

कधीमधी नवसाबाई कपाट उघडतात. मला दोन्ही तळव्यांत चोळून ऊब देतात. ठेवायला पोट नसतं. मी गार होईपर्यंत त्या मला तशाच धरून उभ्या राहतात.