तेरवीची गाडी

मी दमणी बोलते आहे. दोन बैलांची, वर तट्ट्याचं छप्पर, पुढे-मागे पडदे, आत चार माणसं ऐसपैस बसतील अशी. माझ्या बोलण्यावर तुम्ही लगेच विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. मी स्वतः कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. जन्म गाडीचा असला तरी स्वभाव संशयी आहे, आणि तो उगाच झालेला नाही.

नांदुऱ्याच्या सुताराने मला घडवलं. बाभळीची चाकं, बसायला सागाचा साटा, वर तेलपाणी. टाकळीच्या भगवंतराव पाटलांनी मला बायकोसाठी, सत्यभामाबाईंसाठी करवून घेतलं होतं. नांदुऱ्यापासून पाच कोसांवर टाकळी. माहेरी जायचं, देवाला जायचं, लग्नाला जायचं, की पाटलीणबाई माझ्यात बसायच्या आणि पडदा सोडायच्या.

हा पडदा फार वाईट. त्याच्यामुळेच माझा स्वभाव बिघडला. पडद्याबाहेर जी बाई हसून हात हलवते, ती पडदा सुटला की पदरात तोंड खुपसून रडते, हे मी किती वेळा पाहिलं असेल! "सगळं ठीक हाये" असं म्हणणाऱ्या माणसाकडे तेव्हापासून मी निरखून पाहते. त्यातली निम्मी खोटं बोलत असतात.

सत्यभामाबाईंचा संशय मला सगळ्यांच्या आधी आला. एका पावसाळ्यात त्या उजव्या अंगाला रेलून बसू लागल्या. चाक खड्ड्यात गेलं की डावा हात चटकन अंगाशी दाबून धरायच्या. शेजारी त्यांची नणंद झुंबरबाई बसलेली असायची, पण तिचं लक्ष पानाच्या डब्यात. मी जपून चालायचे. त्यापलीकडे लाकडाच्या हातात काय असतं?

दसऱ्याला त्यांनी नवऱ्याला सांगितलं, छातीत गाठ आहे. कापसाची वेचणी संपता संपता गाठ फुटली. पौषात मला जुंपलं, नांदुऱ्याच्या स्टेशनवर नेलं, तिथून आगगाडीने मुंबई. या रोगाचं वेगळं इस्पितळ मुंबईत नुकतंच निघालं होतं. आठ दिवसांत दोघं परत आले. पाटील पुढे बसले, पाटलीणबाई आत आडव्या. पडदा सोडायचीही त्यांना ताकद राहिली नव्हती. ज्येष्ठात त्या गेल्या.

मग तेरवी आली, आणि पाटलांच्या हातून ती चूक झाली.

आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या नावाने वस्तू देतात. पलंग, गादी, छत्री, जोडा, पाण्याचा तांब्या. ते सगळं गुरुजींना दिलं. नंतर पाटील उठले, मला दारापुढे आणवलं, हातावर पाणी सोडलं आणि चारचौघांसमोर म्हणाले, "हिच्यावानी रोग ज्याले होईल अन् ज्याच्यापाशी साधन नसंल, त्याच्यासाठी ही गाडी. बैल माहे, गाडीवान माहा, मुंबईची तिकिटं माही. सत्यभामेच्या नावानं." माझ्या मागच्या फळीवर अक्षरं रंगवली: कै. सत्यभामाबाई यांच्या स्मरणार्थ. मारुतीच्या पाराशेजारी छप्पर घालून मला तिथे उभं केलं.

गाव हळहळलं. बाया डोळे पुसत घरी गेल्या. आणि माझ्यात कुणी पाय ठेवीना.

मेलेल्याच्या नावाने तेरवीला दिलेल्या गादीवर जिवंत माणूस हौसेने निजेल का? मग गाडीत कोण बसेल? ज्याला आधीच मरणाची धास्ती, तो तर मुळीच नाही. "तेरवीची गाडी" हे नाव मला आठ दिवसांत पडलं. उकंडराव नावाच्या एका म्हाताऱ्याच्या घशात तोच रोग झाला, तर त्याच्या मुलांनी त्याला कडब्याच्या उघड्या बंडीत घातलं आणि माझ्यासमोरून नेलं. मी छपराखाली कोरडी उभी आणि म्हातारा भर श्रावणात भिजत गेला.

खरं सांगू? माझाही पाटलांवर विश्वास नव्हता. दान द्यायला तेरवीचाच दिवस कशाला? नाव एवढं ठळक कशाला? आणि एवढं दिलं, तर रोज सकाळी शेतात जाताना पारावरून न जाता मागच्या बोळाने का जातात? हा माणूस मला पाहायचं टाळतो, हे मी पक्कं हेरून ठेवलं होतं.

असे नऊ महिने गेले. फाल्गुनात अंबूबाईची पाळी आली.

ओढ्याकाठी कडूबा माळ्याचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा. अंबूबाई त्याची बायको. बाजारात तिच्यासमोर कुणाची घासाघीस चालायची नाही अशी तिखट. तिलाही तीच गाठ, त्याच जागी. पाटलांनी मुंबईला पत्र घातलं. उत्तर आलं: शुक्रवारी सकाळी हजर राहा, खाट ठेवली आहे; न आल्यास ती दुसऱ्याला जाईल. म्हणजे गुरुवारची दुपारची आगगाडी नांदुऱ्याला गाठायलाच हवी.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटर कोळशावर धापा टाकत यायची, आली तर. त्या गुरुवारी ती आलीच नाही. कडूबाची बंडी, गावातल्या बाकीच्या बंड्यांसारखीच, कांदे भरून आधीच नांदुऱ्याला गेलेली. राहिले मी.

कडूबा तिला हाताला धरून पारापर्यंत घेऊन आला. पाटील बैल घेऊन आले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याजवळ आले होते. निम्मं गाव गोळा झालं. अंबूबाईने मागची अक्षरं पाहिली. वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते पोराटोरांनाही पाठ होतं. ती माझ्या चाकाशी खाली बसली ती बसलीच.

"ऊठ वं," कडूबा म्हणाला. "आगगाडी थांबत नाही कोनासाठी."

"मी नाही बसत हिच्यात. पायी चाल म्हना, चालीन."

"पाच कोस? घरच्या आंगनात तुले चक्कर येते!"

ती पाटलांकडे वळली. "पाटील, एक इचारू? रागावसान तं नाही?"

"इचार."

"गाडी इतकी चांगली हाये, तं तुमच्या घरचं कोनी हिच्यात काऊन बसत नाही?"

"दान देल्लेली वस्तू हाये, अंबूबाई. देल्लेलं घरी वापरत नाहीत."

"तुमची कोकिळा बाळंतपनाले आली. सातवा महिना. त्या मोटरीत धक्के खात आली. गाडी इथं रिकामी उभी. तिले आनाले हिले काऊन नाही धाडलं?"

मला मनातून बरं वाटलं. इतके दिवस मी जे विचारू शकत नव्हते ते ही बाई विचारत होती.

"तुम्हीबी भेता ना हिले?" अंबूबाई म्हणाली. "मंग मले काऊन बसवता?"

पाटलांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "हाव," ते म्हणाले. "भेतो. सत्यभामेनं मले दसऱ्याले सांगतलं. ही गाडी दारात होती, हे बैल दारात होते. मी म्हनलो, वेचनी उरकू दे, मंग जाऊ. तीन महिने मी कापूस वेचत राह्यलो अन् ते वाट पाहत राह्यली. ते गेल्यावर ही गाडी माह्या डोयासमोर नोको झाली. म्हनून देऊन टाकली. दानाची अक्कल मले नव्हती, बाई. मले हिच्याकडं पाहवत नव्हतं."

माझा संशय खरा ठरला होता, पण त्याचा मला आनंद झाला नाही. आपण ज्याला ढोंगी समजत होतो तो नुसता पश्चात्तापाने पोळलेला माणूस निघावा, ही काही सुखाची गोष्ट नाही.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोकिळा पुढे आली. पाटलांची एकुलती एक मुलगी. जड पावलांनी आली, माझी दांडी धरली आणि पायरीवर पाय ठेवला.

"अवं, गरवार बाई तू! तेरवीच्या गाडीत?" झुंबरबाई किंचाळली. "भाऊ, धरा तिले!"

पाटलांनी हात पुढे केला. मी श्वास रोखला, गाडीला श्वास असतो असं समजा. आता हा माणूस मुलीला ओढून खाली उतरवणार आणि अंबूबाई उठून घरी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण पाटलांचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि जू उचललं.

"आबा, जुंपा," कोकिळा आत बसून म्हणाली.

आता अंबूबाईच घाबरली. धडपडत उठून उभी राहिली. "उतर माय, उतर! तुह्या लेकराले काई झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

"मंग लवकर बस ना मावशी. जितका येळ तू खाली, तितका येळ मी अन् माहं लेकरू हिच्यात एकटे."

अंबूबाई कडूबाच्या खांद्यावर हात ठेवून वर चढली. कडूबा मागे लटकला. पाटलांनी गाडीवानाला बाजूला केलं आणि कासरा स्वतः धरला.

असा प्रवास मी पुन्हा केला नाही. एका बाजूला रोग, दुसऱ्या बाजूला पोट. प्रत्येक दगडाला माझा जीव खालीवर. मध्ये कधीतरी अंबूबाईने कोकिळेला जवळ बोलावून चोळी सोडली आणि गाठ दाखवली. कोकिळेने हात लावून पाहिलं आणि हमसून रडू लागली. "आईनं मले दाखवलंच नाही वं. सासरी चिठ्ठी धाडे, सगळं ठीक हाये म्हनून." अंबूबाईने तिला कुशीत घेतलं. दुखरी बाजू सोडून, दुसऱ्या बाजूला. ज्ञानगंगा नदीचं कोरडं पात्र ओलांडलं, तेव्हा सिग्नल पडलेला दिसत होता. आगगाडी मिळाली.

त्यानंतरचे तीन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. वैशाखात कोकिळा दीड दिवस अडली. झुंबरबाई पारावर येऊन माझ्या चाकावर थुंकली. पोरीला काही झालं असतं तर गावाने मला जाळलं असतं, आणि मीही स्वतःला निर्दोष म्हटलं नसतं. शेवटी मुलगी झाली. दोघी सुखरूप. तरी लोक म्हणत, थांबा, अजून माळीण यायची आहे.

माळीण ज्येष्ठात आली. डावी बाजू सपाट, चेहरा उतरलेला, जीभ पहिल्यासारखीच. स्टेशनवर माझ्यात बसली, आणि गावाच्या शिवेवर गाडी थांबवायला लावली. "पडदे वर करा दोनी. दिसू द्या सगळ्याईले." बाजाराचा दिवस होता. ती भर बाजारातून उजेडात बसून गेली.

डॉक्टरांनी बरं केलं असं नाही म्हटलं, येत राहा म्हटलं. ती चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत अकरा माणसं माझ्यात बसली. खोटं कशाला बोलू, सगळी परत आली नाहीत. सहा आली. त्यातल्या दोघी, बसायच्या आधी, मळ्यात जाऊन अंबूबाईची छाती पाहून आल्या होत्या. ती कुणालाही दाखवायची. लाजायची नाही.

मग रोग पाठीत उतरला आणि ती गेली. तेरवीला कडूबाने ऐपतीप्रमाणे सगळं केलं. मी मनात म्हटलं, आता हा माझ्यासाठी काहीतरी आणणार आणि पुन्हा नाव रंगवणार. माणसाची खोड जात नाही.

तो त्या दिवशी आला नाही. आला पुढच्या महिन्यात, साध्या मंगळवारी. डोक्यावर नवी गादी. घरच्या कपाशीची, जाडजूड, खड्डे सोसणारी. पाटील पारावर होते.

"अंबूच्या नावानं," कडूबा म्हणाला. "अक्षरं नोको. अन् पानी सोडाचं नाही."

"मंग द्याची कशी?" पाटलांनी विचारलं.

कडूबाने गादी आत अंथरली, हाताने सारखी केली, आणि तिच्यावर मांडी घालून बसला. "बैल जुंपा. मले गावातून एक चक्कर मारा. आधी मी बसतो, जीत्ता मानूस. मंग कोनीबी बसो."

पाटलांनी जुंपलं. पडदे वर होते. त्या चकरेत कडूबा सगळ्यांना दिसेल असा ताठ बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेही त्याने कुणापासून लपवलं नाही.

आता मी थकले आहे. चाकांची लोखंडी धाव झिजली, तट्ट्याला भोकं पडली, मोटरी पुन्हा पेट्रोलवर धावू लागल्या. तरी छपराखाली उभी आहे. विहिरीवर जाणाऱ्या बायांकडे मी अजून संशयाने पाहते. कोण कुठल्या हाताने घागर उचलते, कोण कुठल्या अंगाला वाकते. तू, हिरव्या लुगड्याची, कालपासून डाव्या कडेवर लेकरू घेत नाहीस. "काही नाही" म्हणू नकोस, मी ते ऐकून म्हातारी झाले आहे. ये, बस. गादीवर जिवंत माणसाच्या बसण्याचा खळगा पडला आहे, आणि तो कडूबा आजही मळ्यात मिरच्या तोडतो आहे.