खालची वाट

घोड नदीच्या काठानं गावाकडून पुलाकडे दोन वाटा जातात, आणि पुण्याच्या ट्रेकिंग ग्रुपला त्यांतली नेमकी नको ती आवडली.

वरची वाट गावातली. महादेवाच्या देवळाच्या पटांगणातून, सरपंच कुंडलिकच्या ओसरीसमोरून, नाकासमोर पुलावर. खालची करंजाच्या सावलीतून, नदीतल्या गोट्यांवरून आणि एका ठिकाणी चक्क पाण्यातून. पावणे तिच्यावर लट्टू झाले. बूट काढून पाण्यात पाय बुडवायचे, खंड्याचे फोटो काढायचे. हौसेला मोल नसतं. 'पुरातन नदीवाट' म्हणून तिचं बारसंही त्यांनी उरकलं. खडकांवर पांढरे बाण मारायचं काम बुद्धवस्तीतल्या समाधानला मिळालं. पुढं दर रविवारी वाटाड्या म्हणूनही तोच जाणार होता. दोन हजार चारच्या जानेवारीत पहिली सहल ठरली.

सहलीच्या पुढं समाधानच्या आजीनं, आक्काबाईनं, चालावं आणि पोरांना जुन्या गोष्टी सांगाव्यात, ही कल्पना कुंडलिकची. समाधान हरखून घरी आला. आक्काबाई भाकरी थापत होती. तिनं शेवटची भाकरी नीट भाजून घेतली आणि मग सांगितलं की त्या वाटेवर ती पाय ठेवणार नाही.

समाधानला काही उमजेना. घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. अपमानाची उजळणी करत बसणारं ते घर नव्हतं. पण आज आक्काबाईनं सगळं सांगितलं. ती या गावात सून म्हणून आली ती खालच्या वाटेनं. देवळासमोरून वस्तीतल्या माणसांना जायची बंदी होती, मग ती नवरी का असेना. गुडघाभर पाण्यातून आली. साडीचा रंग कच्चा होता, तो उतरून पाय आठवडाभर लाल राहिले. नदीला पूर आला की ती वाटही बुडायची आणि माणसं घरात अडकून पडायची.

छप्पन साली तिचे सासरे भागुजी धम्मदीक्षा घेऊन परतले, ते वरच्या वाटेनं. ओसऱ्यांवर माणसं उठून उभी राहिली. शिव्या आल्या, एक दगडही येऊन लागला. भागुजींची चाल बदलली नाही. घरी येऊन त्यांनी बजावलं की आजपासून आपल्यातलं कुणी खाली उतरायचं नाही. ते वारले तेव्हा तिरडीसुद्धा देवळासमोरून गेली. अख्ख्या वस्तीनं तो शब्द पाळला होता; त्यामागचं कारण मात्र नव्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आन् म्या तिथं बाण मारलं," समाधान म्हणाला.

"तुला ठावं न्हवतं. आता ठावं झालं."

वाटाड्याचं काम जाईल, हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी सकाळी वाटा फुटतात तिथं, वडाखाली, सहल जमली. रंगीत टोप्या, पाठीवर पिशव्या. कुंडलिक हार घेऊन हजर. आक्काबाई पांढरं लुगडं नेसून आली, हार हातातच घेतला आणि वरच्या वाटेला लागली.

कुंडलिक लगबगीनं आडवा आला. वर पाहण्यासारखं काहीच नाही, पावण्यांना नदी पाहायची आहे, असं तो हसत हसत सांगू लागला. त्याचं हसू काही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. पुण्याची एक मुलगी पुढं आली आणि तिनं सरळ विचारलं, आजी खालून का येत नाहीत?

आक्काबाईनं तिला सरळच सांगितलं. आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. खालची वाट आमच्या पायांनी पडली, कारण वरची आम्हाला बंद होती. मुलीनं आधीच एक बूट काढला होता. ती तो पुन्हा घालू लागली.

कुंडलिकचा चेहरा पडला. "आक्का, चार लोकांत कशाला जुनं उकरून काढती? आता तसं काय ऱ्हायलंय का?"

"न्हाई ना ऱ्हायलं? मंग चल की वरून."

कुंडलिक वाटेतून बाजूला सरकला.

समाधान घरून आणलेला रंगाचा डबा घेऊन खालच्या वाटेच्या तोंडाशी, बाणाच्या खडकाजवळ उकिडवा बसला. बाण खरवडायला त्यानं दगडही उचलला होता. आक्काबाईनं त्याला थांबवलं.

"चुकीच्या वाटेला तुमी काय खूण करता रं?"

"फुली."

"मंग फुली मार. बाण पुसू नको. पुसला की उद्या हेच म्हंतील, हितं वाटच न्हवती."

समाधाननं ब्रश बुडवला आणि बाणावर भलीमोठी फुली ओढली. रंग खडकावरून ओघळला.

आक्काबाई तोवर निघाली होती. देवळाच्या पटांगणात पोचल्यावर तिनं पावलं मुद्दाम सावकाश टाकली आणि भागुजींना दगड जिथं लागला ती जागा पोरांना दाखवली. समोरच कुंडलिकची ओसरी होती. सगळे थांबून बघत होते. सहलीच्या अगदी शेवटी, खाली मान घालून, कुंडलिकही येत होता.