चादरीची टोकं

दवाखान्याच्या धुलाईखान्यात ती प्रबंधाच्या अभ्यासाला येऊ लागली, तेव्हा तिथल्या बायकांनी तिचं नाव पाडलं पाहुणी. दिवसभर नुसती पाहते ती पाहुणी, असा त्यांचा विनोद.

पाहुणीला सगळंच टिपायचं होतं. वाफ, यंत्रांची घरघर, मुकादमाचं खाकरणं, कोण कुणाशेजारी बसून डबा खातं ते. संध्याकाळी डोकं भणभणायचं आणि हाती काही लागलेलं नसायचं. विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "अगं, गावभर हिंडलीस. आता एका दारात बस."

मग ती घड्या घालायच्या टेबलापाशी बसू लागली. तिथे दोन जावा चादरींच्या घड्या करायच्या. वाफेत त्या ढगात उभ्या असल्यासारख्या दिसत. चादर ताणून धरायची, टोकं जुळवायला चालत जवळ यायचं, बोटांना बोटं लागली की पुन्हा लांब. बघता बघता पाहुणीची तंद्री लागे.

दोघींचा घरी अबोला होता, चुलीही वेगळ्या. मुकादमाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण टोकं जुळताना एखादा शब्द निसटतो, हे तिला आता कुठे ऐकू येऊ लागलं. एका चादरीला धाकटी विचारायची, मामंजींचा खोकला? पुढच्या चादरीला थोरलीचं उत्तर, तसाच.

एके दिवशी थोरली आली नाही. धाकटी एकटीच चादरीशी झगडत राहिली. शेवटी तिने दोन टोकं पाहुणीपुढे धरली. पाहुणी उठली. हातात ऊब आली. सगळं पांढरं जवळ आलं, लांब गेलं.

तिसऱ्या चादरीला धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाईंनी काल विचारलं, मामंजींजवळ बसायला येशील का. मी काही बोललेच नाही."

"मग?"

उत्तर पुढच्या चादरीला आलं. "आज जाते."

आपण नुसतं पाहत राहिलो नाही, हे पाहुणीने बाईंना चाचरत सांगितलं. बाई हसल्या, तेही लिही म्हणाल्या.

थोरली परतली त्या दिवशी दोघी चादर ताणलेली असतानाच बोलत होत्या, औषधाच्या वेळांवरून, यंत्रांच्या वरताण आवाजात. मुकादम दारातून आत डोकावून गेला. पाहुणी गालाला हात लावून ऐकत बसली.