तिच्या आवाजाच्या फायली

ईमेलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सावधान!' पाठवणारा माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

'एक अनोळखी माणूस बायको वारल्याचं सांगून तिच्या आवाजाच्या फायली मागतो. त्या आवाजावरून टोळी बँकेची खाती साफ करते. एका बाईचा जीव गेला आहे. पोलिसांनी दुजोरा दिला आहे. अशा फायली ताबडतोब पुसा आणि हा निरोप सगळ्यांना पाठवा.'

तो अनोळखी माणूस मीच होतो.

मी चाव्या बनवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बायको पुस्तकं मोठ्याने वाचायची, ते वाचन फोनमध्ये भरायची आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना ईमेलने पाठवायची. फोन भरला की जुनं पुसायची. ती गेली तेव्हा तिच्या फोनमध्ये तिचा एकही शब्द नव्हता. म्हणून मी तिच्या ऐकणाऱ्यांना लिहिलं. ईमेल मला कुठला यायला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नवा पत्ता काढून दिला. साडूचाही पत्ता तिच्या यादीत होता. 'मलाही पाठवत जा' असं त्यानेच एकदा ऐटीत सांगितलं होतं. माझ्या मेलला त्याने सगळ्या यादीलाच उत्तर पाठवलं, म्हणून ती सूचना मलाही आली.

ती सूचना कागदावर छापून घेतली, दुकान बंद केलं आणि थेट त्याच्या घरी गेलो. तो कॉम्प्युटरसमोर बसून जेवत होता.

"या दादा, बसा. जेवणार?"

"हे तू लिहिलंस?"

त्याने कागद लांब धरून वाचला. "हो. फिरतंय ना सगळीकडे? आमच्या पाणीखात्यातही सगळ्यांना पोचलं."

"तो माणूस मी आहे."

घास हातातच राहिला. आतून मेहुणी बाहेर आली.

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "त्या मेलवर तुमचं नाव कुठे होतं?"

"खाली होतं. माझंही, तिचंही."

"खालपर्यंत कोण वाचतं? पहिली ओळ होती, माझी बायको वारली. फसवणारे सगळे अशीच सुरुवात करतात."

"ज्यांची वारते तेसुद्धा अशीच करतात."

"आवाज जरा हळू, दादा. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. आणि जीव गेलेली बाई कोण?"

"ते... तसं घातल्याशिवाय लोक मनावर घेत नाहीत."

"आणि पोलीस?"

तो पाणी प्यायला. मेहुणीने विचारलं, "ताईच्या फायली तुमच्याकडे आहेत ना? तुम्हाला तर ती दर आठवड्याला पाठवायची."

"मी काही उघडत नाही. न उघडताच पुसतो. नियमच आहे माझा."

"एकही ऐकली नाहीस?" मी विचारलं.

"दादा, मी नोकरीचा माणूस. तुमच्यासारखं दुकानात बसून..."

"पुढचं बोललास तर ताट उचलून फेकीन."

त्याने ताट जवळ ओढलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना लिही की हे खोटं आहे. तर म्हणे, "माझी काही इज्जत आहे की नाही? उद्या खरी सूचना पाठवली तर कोण विश्वास ठेवेल?"

"उठा खुर्चीवरून," मेहुणी म्हणाली. तिने स्वतः लिहिलं. भाऊजी खरे आहेत, ताई खरी होती, हा त्यांचा फोन नंबर. माझ्यासमोर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. बहुतेकांनी पुसलं होतं. एका बाईने लिहिलं, 'क्षमा करा, भीती वाटली.' आणि एका शहाण्याने नवा निरोप सोडला होता, 'सावधान! टोळी आता मेहुणीच्या नावाने लिहिते.' मी तो वाचला आणि शिवी दिली. गिऱ्हाईक समोर होतं, ते चावी न घेताच गेलं.

दुपारी फोन आला. म्हातारा, जाड आवाजाचा माणूस.

"तुम्हीच का ते चोर?"

"हो, मीच."

"मी कुणाच्या सांगण्यावरून काही पुसत नाही. पण फसायचंही नाही मला. बाई वाचायच्या तेव्हा मागे काय ऐकू यायचं?"

"माझं मशीन. चावी घासायचं."

"ते कुणीही सांगेल. चालू करा."

मी फोन मशीनजवळ धरला आणि एक कोरी पट्टी घासली. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"हेच ते," तो म्हणाला. "फार त्रास दिलात हो तुम्ही. ऐन रंगात आलं की तुमचं सुरू. बाई चिडायच्या."

"तेवढंच पाठवा," मी म्हटलं. "चिडलेली पाठवा."

"सगळंच पाठवतो. मेलं ते मशीन, तेही ऐका."

संध्याकाळी त्याने पाठवलं. मी ऐकलं. पुस्तक कसलं होतं ते सांगता येणार नाही, माझं तिकडे लक्ष नव्हतं.

मेहुणीला फोन केला. ती रडायलाच लागली. म्हणाली, "मलाही पाठवा ना भाऊजी."

"नाही पाठवणार. त्या घरात नाही."

"मग?"

"इथे येऊन ऐक. एकटी ये."

रविवारी ती आली. साडू सोडायला आला होता, पण मी दार तिच्यापुरतंच उघडलं. तो बाहेर गाडीत बसला. आम्ही मागच्या खोलीत ऐकत बसलो. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. मेहुणीने आवाज वाढवला.