पाळण्याच्या खोलीची मूठ

मित्रांनो, जरा कल्पना करा. आत बाळ रडते आहे, बाहेर त्याची आई उभी आहे आणि मधे एक दार आहे. दाराला ना कुलूप, ना कडी. तरी आईला आत जाता येत नाही. असे कसे होईल, म्हणाल. मी ते पाहिले आहे, आणि अजून मलाच खरे वाटत नाही.

मी त्याच दाराची जुनी पितळी मूठ आहे. गोल, गुळगुळीत. मला घडवणाऱ्या कारागिराने मला फिरवून पाहिले आणि म्हटले होते, "लोण्यासारखी फिरते बघ!" या दाराला मला बसवले, तेव्हा घरात थोरली लेक नुकतीच जन्मली होती.

हात ओळखणे हे माझे काम. थोरली पाच महिन्यांची झाली, तेव्हा सकाळी सकाळी तिच्या आईचा हात मला वेगळा लागू लागला. बोटांचे सांधे सुजलेले, गरम. उन्हे वर आली की हात सैल व्हायचा. डॉक्टरांनी रक्त तपासून संधिवात सांगितला, औषधे दिली. सहा वर्षे कमीजास्त करत गेली.

मग धाकट्याची चाहूल लागली. डॉक्टरांनी औषधे बदलून दिली, आणि काय नवल! आई मला दोन बोटांनी गर्रकन फिरवू लागली.

"गेलं बाई एकदाचं दुखणं," आजी म्हणाली. "आता कशाला दवाखान्याचे उंबरे झिजवायचे?"

सगळ्यांना ते पटले. मलासुद्धा.

धाकटा तीन महिन्यांचा झाला आणि आईचा हात माझ्यावरून निसटू लागला.

"अहो, ही मूठ अडकतेय."

"मूठ अडकतेय की तू आळसावलीस?" बाबा हसले आणि त्यांनी मला तेल सोडले.

"बाळंतपणानंतर अंग दुखतंच," आजी म्हणाली. "आम्ही नाही का काढली बाळंतपणं?"

मला तेल नको होते हो! पण मला बोलता कुठे येते?

एका सकाळी वाऱ्याने दार धाडकन लागले. धाकटा आत किंचाळून रडू लागला. आईने मला उजव्या हाताने धरले, मग डाव्या, मग दोन्ही तळव्यांत दाबले. शेवटी कोपर लावले. मी फिरलेच नाही. मी, लोण्यासारखी फिरणारी! थोरली दप्तर टाकून धावत आली आणि तिने एका झटक्यात दार उघडले. आई तिथेच खाली बसली.

"माझंच बाळ, आणि मला दार उघडेना," एवढेच ती म्हणाली.

त्या दुपारी बाळाचे वजन करायला नर्सबाई आल्या. आईचे हात पाहून आणि जुन्या संधिवाताचे ऐकून त्या हबकल्या.

"अहो, दवाखाना कधी सोडलात?"

"पोटुशी असताना. बरं वाटत होतं ना."

"तिथंच फसतात सगळे! पोटात बाळ असताना बऱ्याच जणींचा हा संधिवात निवतो, आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत उसळून येतो. काहींना तर पहिल्यांदा होतोच तेव्हा. उद्याच जा, आणि पहिल्या बाळंतपणापासून सगळं सांगा."

थोरली पुढे आली. "म्हणजे मी झाले म्हणून आईला हे झालं?"

"नाही गं राणी. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं, असा हा आजार. त्यात बाळाचा काय दोष?"

संध्याकाळी थोरलीने बाबांना मला खटक्यासकट काढायला लावले. माझ्या जागी जाड दोरीचा फास आला. त्यात मनगट अडकवून आई दार ओढू शकत होती.

मित्रांनो, घरात कुणाच्या हातून वस्तू निसटू लागली, तर वस्तू दुरुस्त करण्याआधी तो हात हातात घेऊन पाहा. आराम पडला, तरी डॉक्टरांना न विचारता दवाखाना सोडू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीच्या दप्तरातून दवाखान्यात गेले.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"विशेष काही नाही," आई म्हणाली. "जरा बोटं आखडतात."

थोरलीने मला बाहेर काढून टेबलावर ठेवले. "आईला ही फिरवता आली नाही. बाळ आत रडत होतं."

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मी सांगते. आधी माझा जन्म झाला, तिथून."