जावईबापूंच्या नडग्या

शिवशंकरच्या नडग्या पिवळ्या कशा झाल्या आणि त्यांनी नांदेडच्या एका कॉलेजातला रजेचा कागद कसा हलवला, हे उदगीरच्या त्या गल्लीत अजून सांगतात. सांगणारा दर खेपेला चिमूटभर हळद वाढवतो. तेवढी सोडली तर बाकी सगळं घडलेलं.

शिवशंकर त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. बारा वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, एक फुटली नाही. बायको सुकन्या जनावरांची डॉक्टर. तिसऱ्या खेपेला तिची परीक्षा निघाली आणि उदगीर तालुक्यात नेमणूक मिळाली, ती नेमकी लेक पोटात असताना. बाळंतपणाची रजा संपली, दीपू सहा महिन्यांची झाली आणि सुकन्याला हजर होणं भाग पडलं. नोकरी कोरी करकरीत. आणखी रजा मागायची सोय नव्हती.

"तू म्हशी सांभाळ," शिवशंकर म्हणाला, "मी दीपूला सांभाळतो."

उदगीरला दोन खोल्या घेतल्या. साठलेली रजा टाकून तो लेकीला घेऊन तिथं राहू लागला. दीड महिन्यात रजा तळाला गेली. तेव्हा त्याला संस्थेच्या नियमपुस्तकात एक ओळ सापडली: संगोपन रजा सहा महिने, बाईला, आणि पुरुषालाही, 'तो अपत्याचा मुख्य संगोपनकर्ता असल्यास'. पुस्तक छापून तीन वर्षं झाली होती, पण त्या ओळीवर कुणाचं बोट टेकलेलं नव्हतं.

दीपूला काखेत मारून त्यानं नांदेड गाठलं. कार्यालयीन अधीक्षक अमृतरावांनी अर्ज तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

"बायको मयत असल्याचा दाखला?"

"असं कसं बोलता साहेब! सकाळीच डबा घेऊन गेली की."

"मग अंथरुणाला खिळली?"

"काल अठरा म्हशींना लस टोचली. एकोणिसावी पळाली, तर ओढ्यापर्यंत पळून धरली तिला."

"मंग लेका, घरात बाई एवढी धडधाकट असताना तू मुख्य कसा?"

"ती म्हशींमागं असते तेव्हा दीपूमागं मीच असतो ना."

एवढ्यात दीपूनं टेबलावरचं शाईचं पॅड चाखलं. शिवशंकरनं न बघताच तिच्या तोंडातून ते काढलं, खांद्यावरच्या फडक्यानं ओठ पुसले आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. अमृतरावांनी ते पाहिलं. पण कागदावर ते कुठं लिहायचं, तसा रकानाच नव्हता.

"शनिवारी उदगीरला येतो," ते म्हणाले. "समक्ष पाहणी. पटलं तर सही. न्हाई पटलं तर सोमवारी दहाला प्रयोगशाळेत."

शिवशंकरला या पाहणीची धास्ती अशी वाटलीच नाही. दीड महिना तो रोज सकाळी मोरीत पाटावर बसून पाय लांब करी, दीपूला नडग्यांवर पालथी घाली आणि तेल, साय, डाळीचं पीठ न् हळद चोळून ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घाली. पाण्याची वाफ किल्ल्यावरून दिसायची म्हणतात. नडग्यांवरचे केस पहिल्या पंधरवड्यात गेले. पुढच्या पंधरवड्यात हळद अशी मुरली, की वीज गेली तर घरात बॅटरी लागत नसे. शेजाऱ्यांचं निम्मं सोडून दिलं तरी पितळेच्या समया झाल्या होत्या, एवढं नक्की. साहेब येतील, बघतील, सही करतील. त्यात काय?

पण सुकन्यानं फोनवर आईला सांगितलं, "शनिवारी आमच्याकडं साहेब यायलेत." आणि तिथंच घात झाला.

शनिवारी पहिल्या गाडीनं गुणाबाई जळकोटहून उतरल्या. डोक्यावर धपाट्यांचं गाठोडं, हातात दह्याचा गडवा. दारातून आत पाहिलं, तर जावई लंगोट पिळतोय. गुणाबाईंनी गडवा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"आवो जावईबापू, सोडा ते! साहेब यायची येळ झाली. जावई लंगोट धुतोय म्हणून नांदेडभर झालं, तर आमचं नाक ऱ्हाईल का?"

"मामी, तेच तर दाखवायचंय—"

"काय दाखवायचंय? खुर्चीवर बसा बघू."

सासूपुढं जावई काय बोलणार? लग्नापासून या घरात त्याला पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नव्हता. उदगीरचं घर त्याचं असलं तरी गुणाबाई असतील तिथं जळकोटच. त्यांनी दोरीवरची दुपटी, लंगोट, टोपडी सगळी काढून ट्रंकेत कोंबली. पेजेची वाटी लपवली. दीपूला स्वतः न्हाऊ घातलं. पोरगी अशी किंचाळली, की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली. सुकन्याला नवी साडी नेसवून लेक तिच्या मांडीत दिली. आणि शिवशंकर इस्त्रीच्या पँटीत, पंख्याखाली, खुर्चीवर. हात कुठं ठेवावेत हे त्याला उमजेना. दीड महिन्यात ते कधी रिकामे राहिलेच नव्हते.

अमृतराव आले. धपाटी खाल्ली, दह्याची तारीफ केली आणि कागद काढला.

"पोरीला आज न्हाऊ कुणी घातलं?"

"मी," गुणाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"खाऊ-पिऊ कोण घालतं?"

"हाव की आम्ही बायामाणसं. आमचे जावई लई मानाचे, साहेब. खुर्चीवरून हलू देत न्हाई आम्ही."

शिवशंकरनं तोंड उघडलं. गुणाबाईंनी त्यात धपाट्याचा तुकडा दिला.

"आई, अगं साहेब—" सुकन्या म्हणाली.

"तू गप, पोरीकडं बघ."

अमृतरावांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते पेनाकडेच बघत होते. "आई हाय, आजी हाय, अन् हे खुर्चीवर. मी काय लिहू? सोमवारी दहाला या, शिवशंकर."

सुकन्या दीपूला खाली ठेवून उठली, खुंटीवरचा पांढरा कोट काढून घडी घालू लागली.

"काय करायलीस गं?" गुणाबाईंनी विचारलं.

"राजीनामा लिहिते. हे सोमवारी नांदेडला गेले तर दीपूला घेऊन मी म्हशींमागं पळू?"

"आन् साहेब जेवायला आलते ना?"

"ह्यांना रजा द्यायची का, ते बघायला आलते, आई! हे पोर सांभाळतात का, ते."

गुणाबाई खाली बसल्या. तिसऱ्या परीक्षेच्या वेळी लेकीच्या खोलीबाहेर चहाचा पेला घेऊन त्या किती बसल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी एकदा ट्रंकेकडं पाहिलं, एकदा कोटाकडं. मग उठल्या, पदर खोचला.

"जावईबापू, उभं ऱ्हावा. पँट वर घ्या."

"मामी!"

"घ्या म्हणते ना."

इस्त्रीची पँट अरुंद, पोटरीपाशी अडली.

"मंग काढा."

शिवशंकर लाल होऊन आत पळाला आणि रोजची अर्धी चड्डी घालून बाहेर आला. खोलीत उजेड वाढला, असं सांगतात. अमृतराव चष्मा चढवून वाकले. नखानं खरवडून पाहिलं, मग जवळ जाऊन वास घेतला.

"किती दिवसांचं?"

"त्रेचाळीस. एका रविवारी दोनदा, पेजेत लोळली होती."

"साहेब," गुणाबाई म्हणाल्या, "माझ्या पायाला सकाळचंच लागलंय, धुतलं की गेलं. हे असं मुरायला दीड महिना लागतो. मी खोटं बोलले. ह्या घरात पोरीचं सगळं हेच करतात. ट्रंक उघडून दाखवू?"

तिकडं दीपूनं फरशीवरून सरकत येऊन बापाची नडगी गाठली आणि गाल टेकून पडली.

अमृतराव बराच वेळ वाकलेलेच राहिले. "आमच्या आईच्या अशा होत्या," ते म्हणाले. "धाकटा चालू लागेपर्यंत." मग कागद पुढं ओढून लिहिलं: 'समक्ष पाहणी केली. दोन्ही नडग्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पिवळ्या आढळल्या. नखाने खरवडल्या. रंग गेला नाही. सबब रजा मंजूर व्हावी.'

सोमवारी दहाला शिवशंकर मोरीत पाटावर बसला होता आणि सुकन्या कोट घालून फाटकाबाहेर पडली होती. मंजुरीचं पत्र बुधवारी आलं. आता त्या कॉलेजात म्हणे रजा मागणारे बाप आधी हळद लावून येतात आणि अमृतराव त्यासाठी खणात साबणाची वडी ठेवतात.

गुणाबाई मुक्काम वाढवून आठवडाभर राहिल्या. रोज मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघायच्या. दीपू जावयाच्या पायांवर झोपून जायची, मग आपल्याच पायांवर का किंचाळली, हे त्यांना शोधायचं होतं. शेवटी पाण्यात बोट घालून पाहिलं आणि कबूल केलं, "माझं कोमट होतं."

जळकोटला परतल्यावर बायका जमल्या. जावयाचं कसं काय, म्हणून विचारलं.

"कसं असणार?" गुणाबाई म्हणाल्या. "आठ दिवस होते मी. खुर्चीवरून हलले न्हाईत."